फोनवर ‘कुरूप पिल्लू’: काळ्या कागदाची ॲनिमेशन फिल्म, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दीड मिनिटाची ॲनिमेशन फिल्म घरात, एका फोनवर, कागदाच्या बाहुल्यांनी करता येते: बाहुली जराशी हलवायची, फोटो घ्यायचा, पुन्हा हलवायची, आणि ते फोटो ओळीने पळवायचे. चित्रकला आली नाही तरी अडत नाही, कात्री नीट चालवता आली पाहिजे. मुलांबरोबर करणार असाल तर दोन रविवार धरून चाला, एकट्याने केलीत तर त्याहून लवकर होईल. मजा मात्र पहिल्यातच जास्त. गोष्ट घेऊ या डॅनिश लेखक हान्स क्रिश्चन अँडरसनच्या कुरूप पिल्लाची. ती आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पात्रं चालतात-पोहतात-मान हलवतात एवढंच करतात, आणि दिसण्यावरून माणसाला हिणवणं म्हणजे काय हे तिच्यात सरळ आलेलं आहे. शिवाय अँडरसन १८७५ मध्ये गेला, त्यामुळे मूळ गोष्टीवर आता कुणाचा हक्क नाही.

सामान: जाड काळा कार्डपेपर किंवा जुन्या लग्नपत्रिका, सुई-दोरा, फेविकॉल, लहान टोकदार कात्री, ट्रेसिंग पेपर, रंगीत जिलेटीन कागद, जुन्या फोटोफ्रेमची काच, एलईडी बल्ब आणि फोन. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’सारखं एखादं ॲप उतरवून घ्या, फुकटातल्या आवृत्तीवर पहिली फिल्म होते.

पायरी १: पिल्लू काढायच्या आधी शेवट ठरवा

नवखे लोक हमखास आधी पिल्लू काढायला बसतात. थांबा. वहीत एका ओळीत शेवट लिहा, कारण या गोष्टीत एक गोची आहे. पिल्लाला सगळे हिणवतात, ते वर्षभर हाल सोसतं आणि शेवटी कळतं की ते बदक नव्हतंच, हंस होतं, तळ्यातलं सगळ्यात देखणं. मग जे पिल्लू खरोखरच बदक होतं, जरा थोराड, जरा बेढब, त्याचं काय? लहान मुलं हा प्रश्न विचारतात. मोठी माणसं टाळ्या वाजवून उठतात.

वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने ही गोष्ट दोनदा केली आणि दोन्ही वेळा शेवट निराळा. १९३१ च्या कृष्णधवल फिल्ममध्ये बदकाचं पिल्लू कोंबडीच्या घरट्यात जन्मतं. कोंबडी त्याला झिडकारते. पुढे वादळ येतं, कोंबडीची पिल्लं पाण्यात वाहून जायला लागतात, हे पोहत जाऊन त्यांना वाचवतं, तेव्हा ती त्याला पोटाशी घेते. रूप तेच राहतं. १९३९ च्या रंगीत फिल्ममध्ये मात्र पिल्लाला हंसांचं कुटुंब सापडतं आणि प्रश्न मिटतो. ऑस्कर मिळालं ते या दुसरीला. म्हणजे एकीत कामाला आलं म्हणून जवळ केलं, दुसरीत घराणं चांगलं निघालं म्हणून. दोन्ही आपल्या ओळखीचे न्याय आहेत. तिसरी वाट २००१ च्या ‘श्रेक’ या ॲनिमेशन फिल्मने काढली. तिथे शाप सुटल्यावर राजकन्या फिओना नाजूक सुंदरी होण्याऐवजी हिरवी, जाडजूड राक्षसीणच राहते, आणि लग्न तसंच लागतं.

मूळ गोष्ट न मोडता काही करायचं असेल तर अँडरसननेच एक जागा ठेवली आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. वसंतात पिल्लू हंसांच्या दिशेने पोहत निघतं तेव्हा त्याला स्वतःचं रूप ठाऊक नसतं. हे पक्षी आपल्याला मारून टाकतील असंच त्याला वाटत असतं. तरी ते जातं, मान खाली घालतं, आणि मग पाण्यात प्रतिबिंब दिसतं. जाण्याचं धाडस आधीचं, हंसपण नंतरचं. माझा सल्ला असा की तुमची फिल्म याच पोहत जाण्यावर उभी करा. त्या शॉटला सगळ्यात जास्त सेकंद द्या, प्रतिबिंबाला थोडे. काठावरची मुलं ‘नवा हंस सगळ्यात सुंदर’ म्हणतात आणि म्हातारे हंस त्याच्यापुढे वाकतात, तो भाग गाळून टाका. तिथे पुन्हा सौंदर्यस्पर्धाच सुरू होते.

तुम्हाला हे पटलं नाही आणि पिल्लू शेवटपर्यंत बदकच ठेवायचं असेल तर खुशाल ठेवा. फक्त ते आज ठरवा. बाहुल्या कापून झाल्यावर शेवट बदलला की अर्ध्या बाहुल्या वाया जातात.

पायरी २: गोष्ट छाटा

मूळ गोष्ट वर्षभराची आहे. त्यात शिकारी येतात, रानपक्षी मारले जातात, शिकारी कुत्रा पिल्लाला हुंगून तसाच निघून जातो, शेतकऱ्याच्या घरात दुधाचं भांडं सांडतं. हे सगळं दीड मिनिटात कोंबायला गेलात तर एकही प्रसंग धड होणार नाही. पाच घ्या: अंडं फुटणं, अंगणातला छळ, म्हातारीच्या झोपडीतली मांजर आणि कोंबडी, बर्फात अडकणं, वसंतातलं तळं.

अंगणातला छळ सगळेच दाखवतात. खरा ऐवज झोपडीत आहे. तिथे पिल्लाला कुणी चोचत नाही, दोघं नुसती चौकशी करतात. कोंबडी विचारते, अंडी घालता येतात का? मांजर विचारते, पाठीची कमान करता येते का, गुरगुरता येतं का? नाही म्हटल्यावर, मग तू मत मांडू नकोस. पोहावंसं वाटतं असं पिल्लू म्हणतं तर कोंबडीला ते खूळ वाटतं. पाहुणे आले की ‘नाच येतो का, पेटी येते का’ या चौकशीला उभं राहिलेल्या प्रत्येक मुलाला हा प्रसंग न समजावता कळेल. याला वीस सेकंद ठेवा.

शिवाय अंगणातल्या प्रसंगाच्या सुरुवातीला आईचं एक वाक्य आहे: दिसायला बरं नाही, पण स्वभावाने चांगलं आहे आणि पोहतंही छान. ती बाजू घेते आहे, आणि घेता घेता ‘दिसायला बरं नाही’ हे मान्यही करून टाकते आहे. हे वाक्य ठेवा. पुढे अंगणात छळ वाढला की तीच आई ‘कुठेतरी लांब गेलास तर बरं’ म्हणते. फिल्ममध्ये हे बोलून दाखवायची गरज नाही. दोन फोटोंत तिची मान दुसरीकडे वळवा. अख्ख्या फिल्ममध्ये याहून जास्त बोचणारं काही होणार नाही.

प्रत्येक प्रसंगाचा एक चौकोन कागदावर काढा, काड्यांची माणसं काढतो तसं, आणि शेजारी सेकंद लिहा. हा कागद भिंतीवर लावा.

पायरी ३: बाहुल्या कापा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण तुम्ही ‘कुरूप’ म्हणून जे कापाल तेच तुमच्या फिल्मचं म्हणणं होणार. निवेदनात मग काहीही बोला.

पहिला प्रश्न रंगाचा. मूळ पिल्लू करडं आहे, आणि ते बरोबरच आहे, कारण हंसाची पिल्लं करडी असतात आणि मोठी होताना पांढरी होतात. पण आपल्याकडे काळपट पिल्लू शेवटी पांढरंशुभ्र झालेलं दाखवलं की बघणाऱ्या मुलीपर्यंत काय पोचतं, ते फोड करून सांगायला नको. ‘फेअर अँड लव्हली’ने २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढलं, स्थळांच्या जाहिरातीतलं ‘गोरी’ अजून तिथेच आहे. म्हणून ही फिल्म रंगात करूच नका. सगळ्यांनाच काळं करा: पिल्लू काळं, बदकं काळी, हंसही काळे, मागे उजेड. आता फरक राहतो तो फक्त आकारात आणि चालण्यात.

ही युक्ती जुनी आणि कसाला लागलेली आहे. जर्मनीच्या लोटे रायनिगर काळा कागद कापून, सांधे तारेने जोडून, खालून उजेड दिलेल्या काचेवर बाहुल्या हलवत. १९२२ मध्ये त्यांनी सिंड्रेला केली, आणि १९२६ ची त्यांची ‘प्रिन्स आख्मेद’ ही आज उपलब्ध असलेल्यांतली सर्वांत जुनी पूर्ण लांबीची ॲनिमेशन फिल्म मानली जाते. चेहरा नाही, कातडीचा रंग नाही, तरी कोण रुसलंय आणि कोण घाबरलंय ते कळतं. कुडाळजवळच्या पिंगुळीला कधी गेलात तर तिथला ठाकर कलाकारांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ जरूर बघा. नुसत्या बाह्याकृतीवरून पात्र कसं ओळखू येतं, हे पाहिल्यावर तुमची कात्री सुधारेल.

मापं साधारण अशी धरा. बदकाची पिल्लं ५ सेंमी लांब, गोल डोकं, जवळजवळ नसलेली मान. आपलं पिल्लू ८ सेंमी, मान लांब, पाय शरीराच्या मानाने मोठे. एवढंच. त्याला वाकडी चोच, विस्कटलेली पिसं, टेंगूळ असलं काही देऊ नका. बघणाऱ्याला पिल्लू वेगळं दिसलं पाहिजे, ओंगळ नाही. तरच बदकांचं वागणं अन्यायाचं वाटेल. पिल्लू खरोखर ओंगळ दिसलं तर प्रेक्षक नकळत बदकांच्या बाजूला जातो.

याच्या उलट चूक छळणाऱ्यांची होते. ॲनिमेशनमध्ये दुष्ट म्हणजे ढेरपोट्या, बाकदार नाकाचा, अशी सवयच लागली आहे. दिसण्यावरून माणूस ठरवू नका असं सांगणाऱ्या फिल्ममध्ये खलनायक दिसण्यावरूनच ओळखू येत असेल तर सगळंच मुसळ केरात. अंगणात पिल्लाला छळणाऱ्यांत टर्की, म्हणजे कोंबड्यासारखा पण बराच मोठा पक्षी, आहे, तो दिमाखदार कापा, पिसारा नक्षीदार, छाती फुगवलेली. त्या पिसाऱ्यात बारीक भोकं पाडलीत तर उजेडात जाळी उठून दिसते. तो सुंदर दिसला पाहिजे.

पिल्लाला पाच तुकडे: डोकं, मान, धड, दोन पाय. पंख हवा असेल तर सहावा. जिथे सांधा येणार तिथे दोन्ही तुकडे साधारण १ सेंमी एकमेकांवर यावेत, कडा गोल कापा, नाहीतर मान वाकवली की कोपरा बाहेर डोकावतो. सुईने दोन्हीतून भोक पाडा, दोऱ्याला एका बाजूला गाठ, दोरा ओढून घ्या, दुसऱ्या बाजूला गाठ, गाठीवर फेविकॉलचा थेंब. सांधा असा हवा की तुकडा बोटाने फिरेल, पण सोडून दिल्यावर आहे तिथेच थांबेल. सैल झाला तर दोऱ्याचा आणखी एक वेढा घ्या.

लग्नपत्रिकेचा कागद या कामाला फार उत्तम, जाड आणि ताठ. मागून उजेड असल्यामुळे त्यावर काय छापलंय ते दिसत नाही. गणपतीवर कात्री चालवायला घरातल्यांची ना असते, तेव्हा मागचं पान घ्या. कागदातून उजेड पाझरतो का ते बल्बसमोर धरून बघा. पाझरत असेल तर दोन थर चिकटवा.

डोळा म्हणजे सुईचं एक भोक. सगळ्यांना सारखंच. नजर कुठे आहे ते डोक्याच्या वळण्यावरून कळतं.

पिल्लाच्या तीन बाहुल्या लागतील: जन्मलेलं, अर्धवट वाढलेलं, हंस. तिन्हींच्या चालण्यात एक लकब सारखी ठेवा, उदाहरणार्थ पाऊल टाकायच्या आधी मान किंचित मागे. आकार बदलला तरी हा तोच आहे, हे बघणाऱ्याला त्या लकबीवरून कळेल. आणि मोठा झाल्यावरही ती लकब गेली नाही, याचा अर्थ ज्याचा त्याने घ्यावा.

पायरी ४: काच, दिवा, फोन

१२ बाय १८ इंची फोटोफ्रेमची काच घ्या. कडांना सेलोटेप गुंडाळा. लहान मुलं हाताळणार असतील तर काचेऐवजी ॲक्रिलिकची शीट आणा. दोन बाजूंना पुस्तकांचे किंवा डब्यांचे सारख्या उंचीचे थर रचा, त्यावर काच. खाली ९ वॉटचा एलईडी बल्ब, काचेपासून फूटभर अंतरावर, त्याच्या खाली पांढरा कागद. काचेवर ट्रेसिंग पेपरचे दोन थर, म्हणजे बल्बचा गोळा मधोमध दिसत नाही. त्यावर पेन्सिलीने ३६ सेंमी रुंद आणि २० सेंमी उंच चौकट आखा. आडव्या व्हिडिओचं प्रमाण साधारण हेच असतं.

फोन वरून खाली बघणारा हवा. काचेच्या दोन्ही बाजूंना उंच डबे, त्यांवर आडवी फळी, फळीच्या कडेवर फोन असा की फक्त कॅमेऱ्याची भिंगं बाहेर येतील. टेपने पक्का करा. फोटो घेताना पडद्याला हात लावला की फोन हलतो, म्हणून वायरचे इअरफोन लावून आवाजाच्या बटणाने फोटो घेता येतो का ते बघा. पुष्कळ फोनवर चालतं. चार्जरची वायर आधीच लावून टेपने फळीला चिकटवा. एअरप्लेन मोड चालू करा, नाहीतर बरोबर पिल्लू अंड्यातून बाहेर येताना कुणाचा तरी फोन येतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. फोनचा कॅमेरा दर फोटोला उजेड आपल्या मनाने कमी-जास्त करतो, त्यामुळे फिल्म लुकलुकते. पडद्यावर बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड कायम होतो. ॲपमध्ये किंवा प्रो मोडमध्ये हाताने बसवता येत असेल तर आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे तो आकडा) १०० आणि शटर (उजेड आत घ्यायचा वेळ, सेकंदात) १/५० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे १/५० किंवा १/१०० वर दिव्याचे पट्टे येत नाहीत.

खिडक्यांचे पडदे ओढा. ढग आला-गेला तरी फोटोत फरक पडतो. पंखा बंद, याला इलाज नाही. वैशाखात हे काम सकाळी लवकर करा.

पायरी ५: आवाज आधी, चित्र नंतर

निवेदन आधी रेकॉर्ड करा, मग त्या लांबीला चित्र बसवा. उलटं केलंत तर वाक्यं घाईघाईत म्हणावी लागतात. मुलांना सांगायच्या संथ लयीत मिनिटाला शंभरेक शब्द जातात. त्यातही दीड मिनिटाच्या फिल्मला साठ-सत्तर शब्द पुरे, बाकी शांतता हवी. गोधडी डोक्यावरून घेऊन फोनमध्ये बोललात की खोलीचा घुमारा येत नाही.

‘सौंदर्य आतून असतं’, ‘स्वतःवर प्रेम करा’ असली वाक्यं निवेदनात आणू नका. झोपडीच्या प्रसंगाचा मजकूर एवढा पुरे होतो:

‘कोंबडीने विचारलं, अंडी घालतोस? नाही.
मांजरीने विचारलं, गुरगुरतोस? नाही.
मग काय येतं तुला?
पिल्लू म्हणालं, पाण्यात डोकं घातलं की बरं वाटतं.
दोघी हसल्या.’

पावलांच्या आवाजाला ओलं फडकं फरशीवर हळू आपटा. बर्फाला प्लॅस्टिकची रिकामी बाटली चुरगळा.

पायरी ६: हलवा आणि फोटो घ्या

सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. कागदी बाहुल्यांना १२ पुरतात, आणि पहिल्या फिल्मला ८ ठेवा, ॲपमध्ये तसं बसवता येतं. ८ च्या हिशेबाने दीड मिनिटाला ७२० फोटो. आकडा ऐकून घाबरू नका. पात्र स्तब्ध असेल तिथे एकच फोटो ॲपमध्ये कॉपी करून चालतो, आणि या गोष्टीत स्तब्ध राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत. धीर हवा असेल तर दादासाहेब फाळके आठवा: १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतलं रोप वाढताना एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ ही छोटी फिल्म केली आणि ती दाखवून भांडवल उभं केलं. त्यांना तर आधीची चौकट बघायचीही सोय नव्हती. तुमच्या ॲपमध्ये ‘ओनियन स्किन’ नावाची सोय असते, तिच्यात आधीचा फोटो पुसट दिसत राहतो. त्यावरून बाहुली किती सरकली ते कळतं. ती कायम चालू ठेवा.

चालण्याचा हिशेब असा: साध्या बदकाच्या एका पावलाला ४ फोटो, म्हणजे अर्धा सेकंद. आपल्या पिल्लाच्या पावलाला ६. दर फोटोला ५ मिमी पुढे. पूर्ण चौकट ओलांडायला त्याला नऊ सेकंद लागतात, बाकीची केव्हाच निघून गेलेली असतात. वेगळेपण हे असं दिसतं, कुरूपपणा न काढता. पळताना १० ते १२ मिमीची उडी द्या.

कुठलीही हालचाल सुरू होताना आणि थांबताना सरकवणं कमी करा: आधी २ मिमी, मग ३, मग ५, थांबताना पुन्हा ३, २. सगळीकडे सारखं सरकवलंत तर पिल्लू रुळावर ठेवल्यासारखं घसरत जातं. मान वळवायची असेल तर आधी एक फोटो उलट दिशेला किंचित, मग वळवा.

थांबायला शिका. नवख्यांच्या फिल्ममध्ये सगळे सतत वळवळत असतात. टर्कीने चोच मारल्यावर पिल्लाला लगेच पळवू नका. ८ फोटो, म्हणजे पूर्ण एक सेकंद, ते तसंच राहू दे. बघणाऱ्याला लागतं ते त्या सेकंदात.

आणि कॅमेरा कुणावर आहे याचं भान ठेवा. हिणवण्याच्या प्रसंगात रडणारं पिल्लू मोठं दाखवायचा मोह होतो. त्यापेक्षा हसणाऱ्या बदकांची रांग दाखवा, त्यांच्या माना एकाच वेळी एकाच बाजूला वळताना. खोट कुणात आहे ते आपोआप दिसतं.

पायरी ७: ऋतू आणि पाणी

काचेखाली पिवळं जिलेटीन ठेवलं की उन्हाळा, निळं ठेवलं की हिवाळा. पडणारा बर्फ मात्र अडचणीचा, कारण मागून उजेड असताना वर टाकलेलं काहीही काळंच दिसतं. उपाय सोपा आहे: ट्रेसिंग पेपरच्या लांब पट्टीला पंचिंग मशीनने भोकं पाडा, ती बाहुलीवरून पसरा आणि दर फोटोला ४ मिमी खाली ओढा. भोकांतून जास्त उजेड येतो, पांढरे ठिपके खाली येताना दिसतात. ट्रेसिंगच्या पडद्यामागे पिल्लूही थोडं पुसट होतं, ते थंडीत बरंच दिसतं.

गोठलेल्या तळ्याला पारदर्शक प्लॅस्टिक चुरगळून पिल्लाभोवती लावा. दर दोन फोटोंनी एक चुणी त्याच्याजवळ सरकवा आणि पायांची हालचाल हळूहळू कमी करत न्या.

आता प्रतिबिंब. चौकटीच्या मधोमध पाण्याची आडवी रेघ धरा. हंसाची आणखी एक बाहुली कापा, तिला उलटी करून रेघेच्या खाली ठेवा, आणि रेघेखालच्या सगळ्या भागावर ट्रेसिंगचा आणखी एक थर टाका. वरचा हंस गडद, खालचा करडा. वरची मान जेवढी वाकेल तेवढीच खालची वाकवायची, एकाच फोटोत, आणि त्यासाठी दर वेळी ट्रेसिंग उचलावं लागतं, म्हणून त्याला एका कडेला टेपची बिजागरी करा.

पोहत जाण्याचा शॉट इथेच येतो. तो निदान बारा सेकंद चालू दे. पिल्लू डावीकडून निघतं, तीन हंस उजव्या कडेला, मध्ये रिकामं पाणी. खालचा थर या वेळी कोरा ठेवा, प्रतिबिंब अजून दाखवायचंच नाही. मध्यावर त्याला एकदा थांबवा, मान मागे, ती लकब, मग पुढे. हंसांना तोपर्यंत हलवू नका. जवळ पोचल्यावर मान खाली जाते, आणि तेव्हा उलटी बाहुली पहिल्यांदा ठेवा. तीन सेकंद. मग हंस बाजूला सरकून जागा करतात आणि चौघं मिळून चौकटीबाहेर जातात. वाकून नमस्कार नाही, मुलांचा गलका नाही.

पायरी ८: जोडणी आणि हक्क

फोटोंची रांग ॲपमधून व्हिडिओ म्हणून काढा, कुठल्याही एडिटिंग ॲपमध्ये निवेदनाखाली बसवा. पहिल्यांदा आवाज बंद करून घरातल्या अशा माणसाला दाखवा, ज्याला तुम्ही काय करताय ते माहीत नाही. ‘हा कोण, आणि बाकीचे त्याच्याशी असं का वागतायत?’ एवढं विचारा. उत्तर आलं नाही तर निवेदन वाढवू नका, तो प्रसंग पुन्हा घ्या.

संगीताच्या बाबतीत एक सावधगिरी. ही गोष्ट म्हटली की मराठी घरात पहिल्यांदा आठवतं ते ‘एका तळ्यात होती’. घरात बघण्यापुरतं लावा हवं तर, पण नेटवर टाकायच्या फिल्मला लावू नका. भारतात शब्दांवरचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो, ग. दि. माडगूळकर डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणजे २०३७ संपेपर्यंत परवानगी लागते. छापील मराठी अनुवादांचंही तसंच, अनुवादकाचा हक्क वेगळा असतो. म्हणून निवेदन स्वतःच्या शब्दांत लिहा आणि संगीताला आजोबांची पेटी किंवा मुलीचं गुणगुणणं घ्या. काळ्या चित्रांवर ते शोभतंही जास्त.

पायरी ९: पोस्टर आणि लोकांपुढे ठेवणं

फिल्मचं पहिलं चित्र, म्हणजे थंबनेल, शेवटी घाईत केलं जातं आणि तिथेच केलेलं सगळं पाण्यात जाऊ शकतं. दक्षिण कोरियाची ‘रेड शूज अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स’ ही ॲनिमेशन फिल्म दिसण्याच्या पलीकडे बघा असंच सांगायला निघाली होती. २०१७ मध्ये कान महोत्सवात तिची जाहिरात झळकली: एका बाजूला उंच सडपातळ स्नो व्हाइट, शेजारी ठेंगणी जाड, आणि स्नो व्हाइट सुंदर राहिली नाही तर काय, अशा अर्थाचा प्रश्न. जाड म्हणजे कुरूप असंच ते पोस्टर म्हणत होतं. टीकेची झोड उठली, नायिकेला आवाज देणाऱ्या क्लोई ग्रेस मोरेट्झनेही जाहीर नाराजी व्यक्त केली आणि निर्मात्यांनी ती जाहिरात मागे घेतली. फिल्म पुढे २०१९ मध्ये आली, पण तोवर लोकांना पोस्टर पाठ झालं होतं.

म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी पिल्लू-हंसाची जोडी थंबनेलवर लावू नका, ती क्रीमच्या जाहिरातीसारखीच दिसणार. पोहत जाण्याच्या शॉटमधली एक चौकट घ्या, पिल्लू आणि पुढचं रिकामं पाणी.

यूट्यूबवर टाकताना ‘मुलांसाठी बनवलेली’ हा पर्याय निवडा. त्यात खालची टिप्पणीपेटी बंद राहते, आणि दिसण्यावरच्या फिल्मखाली लोक काय लिहितात ते बघता ते बरंच आहे. मुलांची नावं श्रेयनामावलीत द्यायची तर फक्त पहिली नावं द्या, शाळेचं नाव नको.

मुलांना दाखवून झाल्यावर ‘तात्पर्य काय?’ विचारू नका. त्याऐवजी विचारा, कोंबडीला काय उत्तर द्यायला हवं होतं? आमच्याकडे एका मुलाने ‘तुला तरी पोहता येतं का’ असं सुचवलं, दुसरीने ‘काही बोलायचंच कशाला’ म्हटलं, आणि त्यावर बराच वेळ वाद चालला. बाहुल्या सपाट फाइलमध्ये ठेवा, सांध्याला घडी पडू देऊ नका. टर्कीचा पिसारा मोडून मोर होतो, पुढच्या गोष्टीला कामाला येईल.